पाऊस कितव्या स्लाइडवर आला?

*काका, नमस्कार.*

*मी तासगाव तालुक्यातली. कृषी अभियांत्रिकी केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघते. आम्ही सगळे बेदाणा करणारे. उघड्या शेडऐवजी बंदिस्त सौर ड्रायर उभारायचे, असा आमचा प्रस्ताव आहे. मागच्या महिन्यात बँकेच्या समितीपुढे दहा मिनिटं मिळाली. २४ स्लाइड होत्या, सगळे आकडे तपासलेले. पाचव्या मिनिटाला एक साहेब मोबाइल बघायला लागले. शेवटी 'बघू, कळवतो' एवढंच. आता पुढच्या महिन्यात पुण्यात गुंतवणूकदारांसमोर सात मिनिटं आहेत आणि बँकेकडेही पुन्हा जायचंय. मैत्रीण म्हणते, गोष्ट सांग. मला ते नाटकी वाटतं. मी आकड्यांची माणूस आहे. गोष्टी सांगत बसले तर लोक मला हलक्यात घेणार नाहीत का?*

*ता. क. : यंदा मार्चमध्ये रात्री अकराला पाऊस आला. बाबा आणि मी शेडवर पळालो. वाऱ्यानं पडदे उडत होते. बाबा या रॅककडून त्या रॅककडे धावत होते आणि मला एकच विचारत होते, "कुठलं वाचवू?" दोन दिवसांत निम्मा माल काळा पडला. बाबा नीट बोललेसुद्धा नाहीत त्यानंतर. हे उगाच लिहिलं, प्रस्तावाशी याचा तसा संबंध नाही.*

तू मला काका म्हटलंस, तेव्हा मी एकेरीवरच येतो.

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वरच्या भागावर माझी नजर सरकत गेली. ताज्या कलमाशी आलो आणि थांबलो. 'कुठलं वाचवू?' या दोन शब्दांनंतर मला तुझ्या ड्रायरबद्दल सगळं विचारावंसं वाटलं. किती माल मावतो, किती दिवसांत सुकतो, खर्च काय, ढगाळ हवा असली तर काय करता. आणि तू लिहितेस, याचा प्रस्तावाशी संबंध नाही!

सोबत पाठवलेल्या स्लाइडही बघितल्या. पाऊस सतराव्या स्लाइडवर आहे. 'जोखीम घटक' या शीर्षकाखाली, पाच मुद्द्यांपैकी चौथा : 'अवकाळी पर्जन्यमानामुळे गुणवत्ताहानी'. तुझ्या बाबांची ती रात्र या तीन शब्दांत गेली. साहेबांनी मोबाइल काढला तो पाचव्या मिनिटाला. म्हणजे पावसापर्यंत ते पोचलेच नाहीत.

मी ३१ वर्षं एका बँकेत होतो, त्यातली बरीचशी कृषी कर्जाच्या टेबलावर. तू उभी होतीस त्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथं काय चालतं ते सांगतो, कारण सादरीकरण करणाऱ्याला ते कधी दिसत नाही. दुपारचे साडेतीन झालेले असतात. तुझा सहावा किंवा सातवा प्रस्ताव. आधीच्या पाचही जणांनी 'मूल्यवर्धन' म्हटलेलं असतं, पाचही जणांचा आलेख डावीकडून उजवीकडे वर चढलेला असतो. ऐकणारा माणूस वाईट नसतो, तो दमलेला असतो. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असते : हे मी उद्या वरच्या साहेबांना काय म्हणून सांगू?

हा प्रश्न नीट ध्यानात घे, कारण निर्णय बहुतेक वेळा त्या खोलीत होतच नाही. तुझं ऐकणारा माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन, तू नसताना, तुझ्याबद्दल दोन-तीन वाक्यं बोलतो. २४ स्लाइड त्याच्याबरोबर जात नाहीत. तो म्हणतो, 'ती बेदाण्याची मुलगी होती ना, त्यांचा माल रॅकवर पंधरा दिवस उघडा असतो, एका पावसात वर्ष जातं, तिला ते बंदिस्त करायचंय.' एवढं त्याला म्हणता आलं तर तुझी फाइल टेबलावर राहते. नाही आलं तर ती 'प्रक्रिया उद्योगवाल्या' फायलींच्या गठ्ठ्यात जाते. गोष्ट सांग म्हणतात ते यासाठी. आकडे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना गळतात, गोष्ट शाबूत पोचते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती अजून सलते. बऱ्याच वर्षांपूर्वी हळद उत्पादकांचा एक गट आमच्याकडे आला होता. वाफेवर हळद शिजवणारा बॉयलर घ्यायचा होता. बोलणारा गृहस्थ अभ्यासू, तुझ्यासारखाच. इंधनबचत, मजुरीबचत, परतावा, सगळं मांडलं. 'असमान शिजणे' असाही एक मुद्दा कुठंतरी होता. मी एकही प्रश्न विचारला नाही आणि प्रतिकूल शेरा मारला. पुढं सात-आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी एका रानात गेलो, तर तिथं काहिलीत, म्हणजे मोठ्या उघड्या कढईत, हळद शिजत होती. खाली जाळ, वर गोणपाट झाकलेलं. एका बाईनं वरचं गोणपाट बाजूला करून दोन गड्डे काढले, एक वरचा, एक तळातला. वरच्यात काडी घुसेना. तळातला बोटानं दाबला तर मऊ गोळा. म्हणाली, "साहेब, एकाच काहिलीत एक कच्चं आणि एक गाळ. वाळल्यावर याचा एक रंग कसा येणार?" मी तिथंच उभा राहिलो. त्या माणसानं हेच सांगितलं होतं, पण दोन शब्दांत. त्याला ते गड्डे समितीसमोर आणता आले असते. आणि मलाही विचारता आलं असतं की असमान म्हणजे काय हो? चूक माझीच जास्त. पण पुढच्या माणसाला चूक करायला जागा राहू नये, एवढं मांडणाऱ्याच्या हातात असतं.

आता तुझ्या 'नाटकी' या शब्दाबद्दल. तुला भीती वाटते ती बरोबर आहे, पण चुकीच्या गोष्टीची. आवाज चढवणं, मध्येच थांबून डोळे पुसणं, 'कल्पना करा, एक गरीब शेतकरी...' असं सुरू करणं, हे नाटकी आहेच. ते करू नकोस. 'एक गरीब शेतकरी' नावाचा माणूस कुठं राहत नाही. तुझे बाबा राहतात. त्यांचं शेड अमुक ठिकाणी आहे, त्या रात्री अकरा वाजले होते, वारा होता. जे घडलं ते, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं, साध्या आवाजात सांगितलं की त्यात नाटक शिरत नाही. नाटक विशेषणांतून शिरतं.

आणि आकड्यांचं आणि गोष्टीचं वैर आहे, हे तुला कुणी शिकवलं? आपल्याकडं तर कीर्तनकार हे काम शतकानुशतकं करत आलेत. लहानपणी आमच्या गावात सप्ताह असायचा. त्यात एका संध्याकाळी नारदीय परंपरेतले बुवा यायचे. सुरुवातीला एक अभंग घ्यायचे. मग पूर्वरंग, म्हणजे त्या अभंगाचं निरूपण, सगळी तत्त्वाची चर्चा. मध्ये नामाचा गजर, बुवांना बुक्का आणि हार. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. ध्रुवाचं असेल, हरिश्चंद्राचं असेल. आम्ही पोरं पूर्वरंगात पेंगायचो आणि आख्यान लागलं की सरसावून बसायचो. पण खरी गंमत शेवटी असायची. आख्यान ऐन जागी आलं की बुवा मूळ अभंगाच्या ओळीवर परत यायचे. तीच ओळ. तासाभरापूर्वी ऐकली तेव्हा कोरडी वाटलेली, आता अंगावर काटा आणणारी. ओळ बदललेली नसायची, ती ऐकणारे आम्ही बदललेलो असायचो.

तुझा अभंग कोणता, ते आधी ठरव. एक ओळ. मला तुझ्या कागदांतून सापडलेली अशी : 'आमचा माल पिकतो रानात, पण बुडतो रॅकवर.' तुला याहून चांगली सुचेल. ती तुझ्या तोंडची, तासगावच्या बोलीतली असू दे. फक्त एक बदल कर : बुवांकडं रात्र होती, तुझ्याकडं सात मिनिटं. तेव्हा उत्तररंग आधी, पूर्वरंग नंतर. आधी ती रात्र, मग ड्रायर, मग पैसे, आणि शेवटी पुन्हा ती ओळ.

सुरुवात कशी होईल, ते ढोबळ लिहून दाखवतो. शब्द तुझे घाल.

'यंदा मार्चमध्ये एका रात्री अकराला आमच्याकडं पाऊस आला. मी आणि बाबा शेडवर पळालो. शेडवर बेदाणा सुकत होता. चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा होतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून सांभाळलेली बाग त्या जाळ्यांवर पसरलेली होती आणि सुकायला अजून आठवडा होता. वाऱ्यानं पडदे उडाले. बाबांनी मला विचारलं, कुठलं वाचवू? दोन दिवसांनी निम्मा माल हा असा होता.'

इथं बोलणं थांबव आणि दोन वाट्या टेबलावर ठेव. एकीत हिरवट-पिवळा बेदाणा, दुसरीत त्या रात्री भिजलेला काळा. बोलू नकोस. त्यांना हातात घेऊ दे. कुणीतरी विचारेलच, 'याचा भाव काय मिळाला?' बस. आता आकडा त्यांनी मागितलाय. सौद्यात हिरव्याला काय दर लागला आणि काळ्याला काय, तुझ्या विक्रीच्या पट्ट्यांवरून वाचून दाखव. हाच आकडा तुझ्या अकराव्या स्लाइडवर तक्त्यात होता आणि कुणी बघितला नव्हता. मी आकडे कमी कर असं म्हणत नाही. पुढचा माणूस ज्या क्षणी मनात प्रश्न विचारतो, त्या क्षणी आकडा दे.

वाट्या आण असं म्हटल्यावर तुला हसू येईल कदाचित. पण १९८६ सालची एक हकिगत ऐक. २८ जानेवारीला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी कडाक्याच्या थंडीत निकामी झाली होती. आदल्या रात्री इंजिनिअरांनी नेमका हाच धोका सांगितला होता. तेरा तक्ते फॅक्सनं पाठवून, दूरध्वनीवरच्या बैठकीत, उड्डाण करू नका म्हणून. ऐकलं गेलं नाही. दोष एकट्या तक्त्यांचा नव्हता, वरचा दबाव होता, वेळापत्रक होतं. इंजिनिअरांना मी नावं ठेवणार नाही. पण पुढं चौकशी आयोगाच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञानं काय केलं बघ. त्यानं त्याच रबराचा तुकडा छोट्या क्लॅम्पमध्ये दाबला, समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला, बाहेर काढून क्लॅम्प सोडला. रबर लगेच पूर्वीच्या आकारात आलं नाही. एवढंच. ते ज्यांनी पाहिलं त्यांना थंडी आणि रबर यांचा संबंध पुन्हा समजावून द्यावा लागला नाही. तुझ्या दोन वाट्या म्हणजे तो ग्लास आहे.

आता एक गोष्ट, जिच्यात मी तुला सूट देणार नाही. जे घडलं त्यात एक दाणाही वाढवायचा नाही. निम्मा माल गेला असेल तर निम्माच म्हण, 'सगळं वाहून गेलं' म्हणू नकोस. समितीत एखादा तरी तासगाव-सांगलीच्या बाजारात वाढलेला असतो, तो एक प्रश्न विचारील आणि तुझी पुढची सहा मिनिटं पाण्यात जातील. शिवाय ही गोष्ट तुझी एकटीची नाही. बाबांना विचार. म्हण, मी तुमची ती रात्र चार लोकांत सांगू का? ते नको म्हणाले तर सांगू नकोस, तुझ्या कंपनीतल्या दुसऱ्या कुणाची, त्याच्या परवानगीनं सांग. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, त्यांनाच प्रदर्शनात मांडून पैसे गोळा करायचे, हे मी टेबलाच्या पलीकडून फार वेळा बघितलंय. हुंदके देऊन सांगितलेल्या कहाणीला समिती सहानुभूती देते, कर्ज देत नाही. तुझ्या गोष्टीतून त्यांना बाबांची कीव येता कामा नये. त्यांना कळलं पाहिजे की हा माणूस कामात चोख आहे, त्याची बाग चोख आहे, उणीव फक्त डोक्यावरच्या छपराची आहे.

तुझ्या प्रस्तावातलं दुबळं ठिकाण तूच आधी सांग. सौर ड्रायर आहे म्हणजे ढगाळ हवेत सुकण्याचा वेग मंदावणार. पाऊस आतल्या मालाला लागणार नाही, पण ऊनही नसणार. तुझ्या तेविसाव्या स्लाइडवर अगदी बारीक अक्षरांत 'पूरक उष्णता व्यवस्था' असं लिहिलंय. ते तिथं लपवलंस असं वाटतं, तू लपवलं नसशील तरी. उलट करून बघ. रात्रीची गोष्ट झाली, ड्रायर दाखवला की लगेच म्हण, 'तुम्ही विचाराल, सलग चार दिवस ऊन नसलं तर? आम्हालाही हाच प्रश्न पडला होता.' आणि तुम्ही काय सोय केली, तिचा खर्च किती, ते सांग. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत आणि त्याच उत्तराचं बोट धरून त्यांना पुढं नेत. ज्याच्या मनातला प्रश्न तू आधी ओळखलास, तो माणूस तुझ्यावर विश्वास ठेवायला लागतो.

बँक आणि गुंतवणूकदार यांच्यापुढं गोष्ट तीच, शेपूट वेगळं. बँकेला ड्रायरचं कौतुक नसतं, हप्त्याचं असतं. तुमचा माल फेब्रुवारी ते एप्रिलात तयार होतो, कोल्ड स्टोरेजला जातो आणि पुढं भाव बघून टप्प्याटप्प्यानं सौद्याला निघतो. म्हणजे पैसा बारा महिने सारखा येत नाही. हप्ता त्या हिशेबानं बसवून मागितलास की समोरच्याला कळतं, ही पोरगी परतफेडीचा विचार करून आलीय. पुण्यातला गुंतवणूकदार मात्र विचारणार, असे शेड आणखी किती, आणि तुमच्याच कंपनीकडं ते का येतील? तिथं रात्रीनंतर बाबांच्या शेडवरून नजर उचलून भोवतालच्या शेडांवर न्यायची. दोन्हीकडं मागणी मात्र स्पष्ट शब्दांत. किती रुपये, कशासाठी, कधीपर्यंत. 'आपलं सहकार्य अपेक्षित आहे' हे वाक्य काढून टाक, त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही.

स्लाइड सहा-सातच्या वर नकोत. पहिली कोरी ठेवलीस तरी चालेल, कारण तेव्हा त्यांनी तुझ्याकडं बघायचंय. बाकीची कागदपत्रं छापून फाइलमध्ये द्यायची, ती वाचणारा माणूस वेगळा असतो आणि तो नीट वाचतो.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण अशा ठिकाणी इंग्रजीत बोलायचा मोह होतो म्हणून लिहितो. बँकेच्या समितीत सगळे मराठी होते ना? मग ती रात्र इंग्रजीत का सांगायची? पुण्यात इंग्रजी बोलावं लागलं तर बोल, पण 'शेड', 'रॅक', 'सौदा', 'बेदाणा' हे शब्द तसेच ठेव आणि बाबांचा प्रश्न मराठीतच म्हण. ज्याला कळला नाही तो अर्थ विचारील, आणि तुला सांगायला मिळेल.

सरावासाठी आरसा नको. तू मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलत असशील, म्हणजे सात मिनिटांत आठशेच्या आसपास. बोलण्याच्या आधी ते लिहून काढ, मग पाठ न करता बेदाण्यातलं काही कळत नाही अशा कुणाला तरी सांग. पुण्यातली जुनी घरमालकीण, आतेभाऊ, कुणीही. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन कर आणि विचार, मी काल काय सांगितलं? ते जे परत सांगतील, तेवढंच तुझं सादरीकरण. त्यात ड्रायर आलाच नाही, नुसता पाऊस आला, तर गोष्ट लांबलीय, कात्री लाव. पाऊस आलाच नाही तर पुन्हा मला लिही.

एक जागा मी वरच्या नमुन्यात मुद्दाम मोकळी सोडलीय. बाबांनी विचारलं, कुठलं वाचवू? तू पत्रात तिथूनच दोन दिवस पुढं गेलीस. पण त्या अंधारात, पडदे फडफडत असताना, ते तुझ्या तोंडाकडं बघत उभे होते तेव्हा तू काय उत्तर दिलंस? कोणत्या रॅककडं हात केलास, आणि तोच का? आधी ते लिहून काढ आणि मला पाठव.